दुसरी कादंबरी सुरू होत नाहीये : अभ्यास, करार आणि पहिलं पुस्तक

मुठाकाठ
रविवार, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी,

माझी पहिली कादंबरी येऊन आता दोन वर्षं होतील. ५०० प्रतींची आवृत्ती, त्यातल्या निम्म्याहून जास्त अजून प्रकाशकांच्या गोदामात. आप्पा बळवंत चौकातल्या ज्या दुकानात ती सुरुवातीला दर्शनी टेबलावर मांडली होती, तिथे आता मागच्या कपाटात उभी आहे. एका दैनिकात चार ओळींची पोच आली, एका मासिकात मनापासून लिहिलेलं परीक्षण आलं. नव्या माणसाच्या पुस्तकाचं बहुतेक वेळा असंच होतं हे आता कळलंय, त्यामुळे त्याबद्दल फार बोलत नाही.

अडलंय ते दुसऱ्या पुस्तकापाशी. विषय पक्का आहे : धरण फुटून पुण्यात आलेला पानशेतचा पूर आणि त्यानंतर वसलेल्या पूरग्रस्तांच्या वसाहती. माझे आजी-आजोबा नारायण पेठेत नदीच्या अंगाला राहायचे. १२ जुलै १९६१ ला ते घर गेलं. आईचा जन्म त्यानंतरचा. आजी-आजोबा आता नाहीत, म्हणजे तो दिवस डोळ्यांनी पाहिलेलं घरात कुणीच उरलेलं नाही.

पहिली कादंबरी माझ्या हॉस्टेलच्या दिवसांवर होती. काही शोधावं लागलं नाही, आठवत गेलं आणि लिहीत गेले. आता एक साधं वाक्य लिहायचं तरी हात थांबतो. त्या साली सकाळी घरात चूल पेटायची की स्टोव्ह? नळाला पाणी किती वाजता यायचं? शाळेची वेळ काय? मग मी वाचनालय गाठते. वाचलं की टिपणं काढते. टिपणांच्या वह्या भरत चालल्यात आणि कादंबरीचं एक पान झालेलं नाही.

दुसरी गोष्ट सांगायला जड जातेय. पहिल्या वेळीही माझ्या पुस्तकाची कुणी वाट पाहत नव्हतं, पण तेव्हा मला ते माहीत नव्हतं. आता माहीत आहे. दिवसभर भोसरीत कारखान्याचे हिशेब बघायचे, मेट्रोने स्वारगेट, तिथून बसने धायरी, मग घरचं आवरून रात्री टेबलाशी बसायचं. बसलं की नेमकं हेच आठवतं.

करारात एक कलमही आहे : माझं पुढचं पुस्तक आधी याच प्रकाशकांना द्यायचं. ते म्हणतात, आधीचं संपू द्या, मग बघू. म्हणजे मी बांधली गेलेय का? पहिल्या पुस्तकामागे अजून धावत राहू की ते तिथेच सोडून देऊ? आणि अभ्यास नेमका कुठे थांबवायचा? या वाटेने गेलेल्यांनी कृपया लिहा.

---

पेठेतला
रविवार, रात्री ११.४२

विषय जबरदस्त आहे. पानशेत म्हटलं की आमच्या वाड्यात आजही तासभर गप्पा होतात. आदल्या रात्री भरावावर जवान वाळूची पोती टाकत होते, त्यामुळे धरण रात्रीऐवजी दिवसा फुटलं आणि माणसं वाचली, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. त्या रात्रीपासून सुरुवात करा. वाचक खाली ठेवणार नाही.

---

वकीलकाकू
सोमवार, सकाळी ८.०५

कराराचं सांगते. तुमचा कागद पाहिल्याशिवाय शेवटचं मत देता येणार नाही, पण काय बघायचं ते सांगू शकते.

पुढचं पुस्तक आधी आम्हाला दाखवा, असं कलम बऱ्याच करारांत असतं. त्याचा अर्थ पुस्तक त्यांच्याच मालकीचं झालं असा नाही. कलमात मुदत आहे का ते आधी बघा. ‘हस्तलिखित मिळाल्यापासून अमुक दिवसांत कळवावे’ असं असेल तर सोपं आहे. नसेल तर हस्तलिखित तयार झाल्यावर पत्रासोबत द्या, पोच घ्या, आणि ठराविक तारखेपर्यंत लेखी उत्तर मागा. ‘आधीचं संपू द्या’ हे तोंडी बोलणं. त्याला हो किंवा नाही म्हणत नाहीत. आज तुमच्याकडे दाखवायला हस्तलिखितच नाही, त्यामुळे आज ते कलम तुम्हाला कुठेच अडवत नाही.

तोच कागद हातात आहे तर पहिल्या पुस्तकाचंही तपासून घ्या. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९. हक्क किती काळासाठी दिले ते करारात लिहिलेलं नसेल तर ती मुदत कराराच्या तारखेपासून ५ वर्षं धरली जाते. कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारतापुरते. आणि जे हक्क दिले पण प्रकाशकाने १ वर्षात वापरलेच नाहीत, ते परत तुमच्याकडे येतात, मात्र करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तरच. ऑडिओ पुस्तक, ई-पुस्तक, अनुवाद हे सगळं लिहून दिलंय आणि कुणी हातही लावलेला नाही, अशा केसेस माझ्याकडे येतात. लेखक सही करताना फक्त रॉयल्टीचे टक्के बघतात. बाकीची पानंही वाचत जा हो.

---

खिळेजुळारी
सोमवार, दुपारी १.३०

मी आयुष्यभर मुद्रितं तपासली. आधी खिळ्यांची, नंतर ऑफसेटची, शेवटी पडद्यावरची. पुष्कळ लेखकांची पहिली पुस्तकं माझ्या हाताखालून गेली आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं दुसरं कधी आलंच नाही. म्हणून हा धागा बघून लिहावंसं वाटलं.

पहिल्या पुस्तकाला आपल्याकडे थोडाफार हात मिळतो. साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, राज्य वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनाचा विभाग वेगळा आहे. दुसऱ्या पुस्तकाला यातलं काही नाही. ते थेट प्रौढ वाङ्मयाच्या रांगेत, मुरलेल्या लेखकांच्या शेजारी उभं राहतं. तेव्हा मुठाकाठ, तुम्हाला जे एकटं वाटतंय ते मनाचे खेळ नव्हेत, व्यवस्थाच तशी आहे. हे एकदा समजून घेतलं की स्वतःला दोष देणं थांबतं.

किती वेळ लागावा याला काही नियम नाही. श्री. ना. पेंडशांची ‘एल्गार’ १९४९ ची, ‘हद्दपार’ लगेच १९५० ला आली, आणि ज्या कादंबरीने त्यांचं नाव घराघरात गेलं ती तिसरी, १९५२ ची. उलट नेमाड्यांच्या ‘कोसला’नंतर ‘बिढार’ यायला १२ वर्षं गेली, १९६३ ते १९७५. दोघांनाही कुणी उशीर झाला म्हणून किंवा घाई केली म्हणून वाचायचं सोडलं नाही.

अभ्यासाबद्दल माझं म्हणणं असं : चूल की स्टोव्ह हे माहीत नाही, तिथे फुली मारा आणि पुढे लिहा. समासात प्रश्न लिहून ठेवा. पहिला खर्डा पुरा झाला की सगळ्या फुल्या एकत्र काढा आणि मगच वाचनालयात जा. तेव्हा कुठलं पुस्तक उघडायचं हे नेमकं माहीत असेल. आत्ता तुम्ही सगळंच वाचताय, कारण काय लागणार आहे तेच ठरलेलं नाही.

अजून एक, कामाचं. टाइप युनिकोडमध्येच करा. छपाईसाठी दुसऱ्या फॉन्टमध्ये फिरवताना रफार सरकतात, ‘ऱ्या’ फुटतो, जोडाक्षरं तुटतात. फिरवून झालेली प्रत कुणाच्या तरी डोळ्यांखालून अक्षर न् अक्षर गेलीच पाहिजे. पहिल्या पुस्तकात हे कुणी केलं होतं का?

---

मुठाकाठ
सोमवार, रात्री १०.५०

वकीलकाकू, फार मोठं ओझं उतरलं. करार काढून बघितला, मुदत कुठेच लिहिलेली नाही. ऑडिओचा उल्लेख आहे आणि त्यावर काहीच झालेलं नाही. एका ओळखीच्या वकिलांना कागद दाखवते.

खिळेजुळारी काका, नाही, तसं कुणी तपासलं नव्हतं. छापलेल्या प्रतीत माझ्या नायिकेच्या गावाचं नाव दोन प्रकारे आलंय. ते पान मी अजून उघडत नाही.

फुली मारायचं आज करून बघितलं. अर्धं पान झालं.

---

तिसरीओळ
मंगळवार, सकाळी ७.२०

अभिनंदन त्या अर्ध्या पानाबद्दल!

माझी दुसरी कादंबरी तीन वर्षांपूर्वी आली, म्हणून अनुभवाचं बोलते. काकांच्या फुलीशी मी अर्धीच सहमत आहे. काही तपशील नुसते मांडणीचे असतात. भिंतीवर कुठलं कॅलेंडर होतं, सायकल कुठल्या कंपनीची होती. तिथे खुशाल फुली मारा. पण काही तपशिलांवर माणसं काय करतात ते अवलंबून असतं. नळाला पाणी पहाटे येत असेल तर घरातली बाई पहाटे उठलेली असणार, नदीकडचा आवाज सगळ्यांत आधी तिला ऐकू येणार, कुणाला उठवायचं आणि कुणाला झोपू द्यायचं हे ती ठरवणार. तिथे फुली मारली तर पुढचं सगळं प्रकरण हवेत राहतं. मी अशा एका जागी अंदाजाने लिहून पुढे गेले होते. नंतर खरी गोष्ट कळली तेव्हा चार प्रकरणं नव्याने लिहावी लागली.

तेव्हा प्रश्नांची वही काढा आणि एवढंच विचारा : याचं उत्तर बदललं तर माझ्या पात्राची कृती बदलेल का? बदलत असेल तर आधी शोधा. बाकी सगळं नंतर.

आणि दिवाळी अंकांचं लक्षात ठेवा. कादंबरीतलं एखादं प्रकरण स्वतंत्र दीर्घकथा म्हणून उभं राहत असेल तर पावसाळा सुरू व्हायच्या आत संपादकांना विचारा, त्यांची जुळवाजुळव लवकर सुरू होते. १९०९ पासून चालत आलेली ही परंपरा आहे. दिवाळीत माणसं कथा हातात घेतात, तेवढी एरवी घेत नाहीत. तुमची कुणीतरी वाट पाहतंय ही भावना मला तिथून मिळाली. संपादकांचा ‘कधी देताय?’ म्हणून फोन आला, आणि मी लिहायला बसले.

---

पुस्तकपाळ
मंगळवार, दुपारी ४.१५

मी एका सार्वजनिक वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसतो. पहिल्या पुस्तकाच्या प्रश्नावर मला माझ्या टेबलावरून दिसतं ते सांगतो.

आमचे सभासद पुस्तकाच्या नावाने कमी आणि लेखकाच्या नावाने जास्त मागतात. एखादं आवडलं की परत करताना हमखास विचारतात, ‘यांचं अजून काही आहे का?’ नाही म्हटलं की त्या लेखकाचं नाव तिथेच विसरलं जातं. दुसरं असेल तर ते जातं, आणि दुसऱ्यापासून सुरुवात केलेले पहिलं मागायला येतात. म्हणून पहिलं पुस्तक सोडून देऊ का, असं विचारूच नका. दुसरं लिहिणं हेच पहिल्याचं काम आहे.

प्रकाशकांना एवढं मात्र विचारा, की पुस्तक ग्रंथालयांच्या खरेदीपर्यंत पोचतंय का, जिल्हा ग्रंथोत्सवात जातंय का, डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरतो तिथे त्यांच्या दालनात असेल का. हे प्रकाशकांचं काम आहे. तुम्ही दुकानोदुकानी फिरण्यात रविवार घालवू नका.

---

गोखलेनगरकर
मंगळवार, रात्री ९.००

मी सहसा फक्त वाचतो. आज लिहितो आहे, कारण तुमचा विषय माझ्या घरातला आहे. पुराच्या वेळी मी नऊ वर्षांचा होतो. आम्ही शनिवार पेठेत ओंकारेश्वराच्या जवळ राहायचो.

पुराच्या दिवसाबद्दल तुम्हाला पुष्कळ मिळेल. फोटो आहेत, वर्तमानपत्रं आहेत, लकडी पूल पाण्याखाली गेल्याचं शंभर जण सांगतील. मला त्या दिवसाचं फार थोडं आठवतं. वडिलांनी धाकट्या बहिणीला खांद्यावर घेतलं आणि आम्ही पर्वतीकडे चालत सुटलो, एवढंच.

आठवतं ते नंतरचं. सगळ्यात आधी वास. गाळात भिजलेलं धान्य आंबतं तेव्हा जो वास येतो तो. आणि मग पाणी नाही. हे आता कुणाला खरं वाटत नाही. पुराने शहर बुडालं आणि दुसऱ्या दिवसापासून प्यायला पाणी नाही, कारण पानशेतच्या लोंढ्याने खालचं खडकवासल्याचं धरणही फुटलं म्हणजे पुण्याचं पाणीच वाहून गेलं. वाड्यावाड्यांतल्या बंद पडलेल्या विहिरी उपसल्या, रांगा लागल्या. आदल्या दिवशी पाण्यापासून पळालेली माणसं दुसऱ्या दिवशी घागर घेऊन उभी.

नंतर गोखलेनगरला निसन हट मिळाली. अर्धगोल पत्र्याची. भिंतच वाकडी, त्यामुळे कपाट टेकवायला जागा नाही, ते खोलीच्या मधे यायचं. आईने त्याला पडदा लावून एका खोलीच्या दोन केल्या. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की दुपारी बायका बाहेर सावलीला बसून निवडणं-टिपणं करायच्या. त्यातूनच तिथे शेजार झाला. नारायण पेठेतले, शनिवारातले, कसब्यातले, पलीकडच्या काठावरचे, एरवी एकमेकांच्या घरी पाणीही न पिणारे लोक एका ओळीत राहायला आले. यावर तुम्हाला पुस्तकं फार मिळणार नाहीत.

एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. गाळ उपसताना आईला एक पितळी पातेलं सापडलं. आमचं नव्हतं. त्यावर नाव कोरलेलं होतं, बाईचं, आडनाव घासून गेलेलं. आईने वर्षानुवर्षं ते पुढे मागे चौकशी करत सांभाळलं. नव्याने कुणी राहायला आलं की ही बाहेर जाऊन आधी बाईंचं नाव विचारायची. मालकीण सापडली नाही. मग ते पातेलं दुधाला लागलं. आमचंही काहीतरी कुणाच्या तरी घरात असेलच, असं ती म्हणायची. ते पातेलं आता माझ्याकडे आहे.

---

पेठेतला
मंगळवार, रात्री ९.३५

काका, अंगावर काटा आला.

तरी माझं मत सांगतो. पुराचा दिवस वगळला तर वाचकाला चुकल्यासारखं होईल. काय गेलं ते दिसल्याशिवाय पातेल्याची किंमत कशी कळणार? वाळूची पोती टाकणारे जवान, अफवा, लाउडस्पीकर, हे हवंच.

---

गोखलेनगरकर
मंगळवार, रात्री १०.१०

हवं तर असू दे. पण मला विचाराल तर आमच्या घरात तो दिवस कुणी कधी सलग सांगितला नाही. वडील कधीच बोलले नाहीत. आई पातेलं घासताना एखादं वाक्य बोलायची. आम्हाला पूर असा तुकड्यांतून कळला. चौकशी समित्या नेमल्या गेल्या, अहवाल झाले, धरणातून पाणी सोडायच्या मोरीच्या सळईविना बांधलेल्या कमानीबद्दल मोठी माणसं बोलायची, ते सगळं मी फार नंतर वाचलं. मुठाकाठ यांनाही तो दिवस माहीत नाही, त्यांच्या आईलाही नाही. मग माहीत असल्यासारखा का लिहावा?

---

तिसरीओळ
मंगळवार, रात्री १०.४०

हे फार महत्त्वाचं बोललात काका. मुठाकाठ, तुमची टिपणं सगळी त्या एका दिवसाची आहेत का?

---

मुठाकाठ
बुधवार, रात्री ११.५५

हो. जवळजवळ सगळी. पाण्याची पातळी, पुलांची नावं, कुठल्या रस्त्यावर कधी पाणी आलं. मी तो दिवस जणू स्वतः पाहिला असावा इतका गोळा करत बसले होते, आणि म्हणून संपत नव्हता.

गोखलेनगरकर काका, तुमचं वाचून मी आईला फोन केला. विचारलं, तुला आजीने पूर कधी सांगितला? ती म्हणाली, सांगितला नाही, पण कुठल्याही घरी जेवायला गेलं की आजी ताट उलटं करून मागचं नाव वाचायची. आईला त्याची लाज वाटायची. का वाचते हे तिने कधी विचारलं नाही. मला हे आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.

पेठेतला, तुमचं म्हणणं मी सोडून दिलेलं नाही. वाळूची पोती येतील, पण ती नातीच्या कानावर ज्या क्रमाने पडली त्या क्रमाने येतील, बहुतेक पुस्तकाच्या उत्तरार्धात. सुरुवात विहिरीच्या रांगेपासून करतेय. पूर होऊन गेलाय, आणि एक बाई हातात परकं भांडं घेऊन पाण्याला उभी आहे. तिला पाणी किती वाजता मिळालं हे मला माहीत असायलाच हवं, तेवढा प्रश्न वहीत वर घेतलाय. काका, तुमच्या पातेल्याची गोष्ट मी तशीच्या तशी घेणार नाही, पण तिच्यावरून सुचलंय हे पुस्तकात लिहीन, तुमची हरकत नसेल तर.

आज दोन पानं झाली. फुल्या आहेत.

---

गोखलेनगरकर
गुरुवार, सकाळी ६.४५

हरकत कसली? रविवारी सकाळी घरी या, पातेलं बघा. आमच्या ओळीतल्या एक बाई अजून आहेत, नव्वदीच्या पुढच्या. कान चांगले आहेत. विहिरीच्या रांगेत त्या स्वतः उभ्या होत्या, वेळ त्याच सांगतील. पत्ता खाजगी निरोपात पाठवतो.

---

वकीलकाकू
गुरुवार, सकाळी ९.१०

बोलणं रेकॉर्ड करणार असाल तर बाईंना आधी विचारा, आणि पुस्तकात वापरायची परवानगी एका साध्या कागदावर घ्या. तारीख, सही, घरातल्या कुणाची तरी साक्ष. पुढे कुणाचाच मनस्ताप नको.

---

खिळेजुळारी
गुरुवार, दुपारी २.००

पहिली तीन प्रकरणं झाली की मला छापून पाठवा. एका बाजूला, दीडपट अंतर, समास मोठा. पैसे नकोत. ‘ऱ्या’ आणि गावांची नावं मी बघतो.